उंदीर मेला नव्हता

"काकू, खोलीमागे उंदीर मेलाय बहुतेक. खिडकी उघडली की भपकारा येतोय."

मेचा शेवटचा शनिवार, रात्रीचे साडेआठ. मी पानं मांडत होते. दोन नंबरच्या खोलीतल्या पुण्याच्या ताई नाकाला ओढणी लावून पडवीत उभ्या, मागे त्यांचे यजमान आणि आठवीतला मुलगा. मी म्हटलं, "उंदीर नाही हो, सुरण फुललाय." बाई काहीतरी दडपतेय, असं तिघांच्याही चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

दापोलीहून समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्याला आमची वाडी आहे. दोन खोल्या पाहुण्यांना देतो, राहण्या-जेवणाची घरगुती सोय. तेव्हा मेलेला उंदीर ही आमच्यासाठी थट्टेची गोष्ट नाही. वरण मंद आचेवर ठेवलं, बॅटरी घेतली आणि तिघांनाही न्हाणीमागे घेऊन गेले.

माडाच्या बुंध्याशी पातेरा जरा उचकटलेला होता आणि त्यातून ते वर आलं होतं. पान नाही, देठ जवळपास नाहीच, जमिनीवरच बैठक मारलेलं फूल. बाहेरून मळकट, ठिपक्याठिपक्यांची आणि आतून वांग्याच्या रंगाची झालर, चांगली दीड वीत रुंद, शिंप्याने चुण्या घालून कड मुडपावी तशी मुडपलेली. मधोमध गडद जांभळा, ओलसर चमकणारा, सुरकुतलेला गोळा. अक्रोड फोडल्यावर आतला गर दिसतो ना, तो सोललेल्या नारळाएवढा करून बिटाच्या पाण्यात बुडवावा, तसा. वर माश्या घोंघावत होत्या आणि झालरीच्या खोलात बारके काळे किडे सरपटत होते. वास तर विचारूच नका. रस्त्यावर गाडीखाली आलेलं कुत्रं दुसऱ्या दिवशी दुपारी जसं येतं तसा.

ताई चार पावलांवरूनच परत फिरल्या. मुलगा मात्र उकिडवा बसला. मी बजावलं, "चोळू नकोस, खाजेल. नुसतं बोट टेकव."

"अरे, हे कोमट आहे!"

असतंच. सुरणाचं फूल स्वतःला तापवतं, म्हणजे वास हवेत चढतो आणि लांबवर जातो. मेलेल्या जनावराच्या वासावर येणारे भुंगे आणि माश्या त्याला हव्या असतात. झालरीच्या तळाशी मादी फुलं, त्यांच्यावर नर फुलांचा पट्टा आणि सगळ्यांत वर हा गोळा. आधी मादी फुलं तयार होतात. नरांचे पराग सुटतात ते नंतर, तोवर माद्यांची वेळ उलटलेली असते. घरातल्या घरात सोयरीक होऊ नये, एवढी ती खबरदारी. किडे अंगाला पराग माखून निघतात आणि दुसऱ्या फुललेल्या सुरणावर जातात. आता आमच्या वाडीत दुसरा फुललेला सुरण नाही, म्हणजे ह्याचं सगळं आमंत्रण फुकटच. पण त्याला कोण सांगणार?

"काढून टाकता येईल का?" यजमानांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, दोन दिवसांत वास आपोआप जाईल, तुम्ही एक नंबरच्या खोलीत या, ती आज रिकामी आहे आणि तिच्या खिडकीखाली मोगरा आहे. ते आले. मुलगा मात्र जेवण झाल्यावर मोबाइल घेऊन तीनदा न्हाणीमागे जाऊन आला.

ह्या सुरणाला मी आजवर तांब्याभर पाणीही दिलेलं नाही. चार-पाच वर्षांपूर्वी ऋषिपंचमीच्या भाजीला आणलेल्या कंदाचा एक डोळा असलेला तुकडा मी तिथे फेकला असेन. दर पावसाळ्यात छत्रीसारखं एक पान यायचं आणि दिवाळीनंतर आडवं व्हायचं. कंद काढायचा प्रत्येक वर्षी राहून गेला. आणि आता विहिरीत दीड हात पाणी, सगळी वाडी माना टाकून उभी, अशा वेळेला न मागता, न विचारता हा एवढा थाट. मला रागच आला थोडा. कारण सध्या माझ्या डोक्यात दिवसरात्र एकच हिशेब चाललेला असतो, बादल्यांचा.

आमच्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. बाहेरच्या माणसाला म्हणून पटत नाही, की मेमध्ये कोकणात पाणी नाही. पण खाली सगळा जांभा. चाळणीत पाणी ओतावं तसा पाऊस ओतला जातो आणि उताराने समुद्राला मिळतो. मेअखेर पंप दहा मिनिटं चालतो, मग घरघरतो. त्यातलं पहिलं पाणी पोफळींना, त्यात वाद नाही, त्यांच्यावर घर चाललंय. दुसरं टाकीत, पाहुण्यांना आणि स्वयंपाकाला. राहिलं न्हाणीचं, भाज्या धुतलेलं, तांदूळ धुतलेलं. ते साठवून दिवसाला माझ्या अठरा बादल्या होतात. कधी सतरा.

ह्यांचा हिशेब सरळ आहे: जे खाता येतं त्याला पाणी. म्हणून चार बादल्या मिरच्या, वांगी आणि अळवाला जातात, त्यावर त्यांची देखरेख. उरलेल्या चौदा माझ्या. त्या कुणाला घालायच्या हे मला नीट शब्दांत सांगता येत नाही. संध्याकाळी दिवा लावून मी खळ्यात येते, तेव्हा जिथे पाय थांबतो त्या झाडाला. आणि पाय थांबतो तो नाकामुळे. तीन वर्षांपूर्वी हौसेने आणलेले कलमी गुलाब ह्याच न्यायाने पहिल्यांदा यादीतून गेले. रंग असा की पाहुणे शेजारी उभे राहून फोटो काढायचे. नाक लावलं तर कागद.

खरं तर वासाचा मोठा हंगाम आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्येच होऊन जातो. आंब्याचा मोहोर, सुरंगी, बकुळ. सुरंगी तर फांदीलाच लगडते आणि खाली उभं राहिलं की मधमाश्यांचा गुणगुणाट डोक्यात भरतो. मेअखेरीस सुरू असतात ती हट्टी झाडं. मोगऱ्याचाही शेवटचा बहर आहे, त्याला दोन बादल्या देते त्या केवळ एक नंबरच्या खिडकीसाठी.

अनंताला तीन. अनंत रुसका. पाणी कमी झालं की कळ्या टाकतो आणि एकदम जास्त झालं तरी कळ्या टाकतो. परवा भाचीच्या लग्नाला चार दिवस चिपळूणला गेले होते. जाताना कळ्या मोजून गेले, एकवीस. ह्यांना तीन-तीनदा सांगितलं, रोज संध्याकाळी तीन, जास्त नाही, कमी नाही. परत आले तर आळ्यात चौदा कळ्या पडलेल्या, हिरव्यागार, पिळदार, एकीचंही टोक उघडलेलं नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, की पहिले दोन दिवस विसरले आणि तिसऱ्या दिवशी आठवण झाली म्हणून सगळं एकदम ओतलं. "हिशेबाने नऊ बादल्या झाल्या ना?" म्हणाले. हिशेबाने झाल्या. मी दोन दिवस बोलले नाही.

उरलेल्या सातांतली चार आता फुलली आहेत. पहिल्या दिवशी ओल्या खोबऱ्यासारखा पांढरा, दुसऱ्या दिवशी साय, तिसऱ्या दिवशी तुपाच्या रंगावर जातो आणि तेव्हा वास सगळ्यांत जड होतो. लोक पिवळा झाला की फूल टाकून देतात. मला तेच आवडतं. पुण्याच्या बहिणीचा अनंत दर वर्षी पिवळा पडतो, म्हणजे फूल नाही, पान. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. तिच्याकडे बोअरचं जड पाणी. अनंताला आंबट माती लागते, तरच त्याला मातीतलं लोह घेता येतं. आमच्या तांबड्या मातीत हा प्रश्नच नाही. आमच्याकडे प्रश्न फक्त ह्यांचा आहे.

हिरव्या चाफ्याला दिवसाला एकच बादली, आणि तो तीही मागत नाही. ह्याची कथा निराळी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीतले अकरा माड आणि मोजता न येण्याइतक्या पोफळी पडल्या. न्हाणीशेजारचा जुना कापा फणसही मुळासकट उलटला. हिरवा चाफा त्याच्यावरच चढलेला होता. फणसाबरोबर तोही आडवा. रस्ता मोकळा करायला कापून काढला, वीतभर खुंट राहिला असेल. सावली गेल्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात अळू, कर्दळ, सगळं होरपळलं. आणि हा खुंट फुटला. गडग्यावरून सरपटत रामफळापर्यंत पोचला आणि आता त्याच्यावर बसलाय. ह्याच्या फुलाचा देठच आकड्यासारखा वळलेला असतो, आधी फूल धरतो आणि मग आधाराची फांदी धरतो. एका अवयवाची दोन कामं.

पण फूल दाखवा म्हटलं तर पंचाईत. ते पानाच्याच रंगाचं, पानाच्याच मागे, आणि हिरवं असेपर्यंत वासही नाही. पिवळसर झाक आली की मग सुटतो. पिकलं केळं, पिकला फणस, मध्येच अननस. मेमध्ये वाडीत खरे फणसही पिकलेले असतात, त्यामुळे नेमका माग लागत नाही. मी डोळे मिटून फांद्यांखालून फिरते आणि वास दाट झाला की हात वर घालते. दहातल्या सहा वेळा सापडतं. ह्यांना विचारलं तर म्हणतात, नेलपॉलिशचा वास येतो. मला आधी राग आला होता. मग एकदा भाचीची बाटली उघडून हुंगली आणि गप्प बसले. तसा येतो खरा.

जेवताना पाहुणे एक प्रश्न हमखास विचारतात. "काकू, आंबेमोहोर कुठून आणता?" आमचा तांदूळ खालच्या खाचरातला, साधा, जाडसर. वास येतो तो पानाचा. केवड्याच्या जातीचं एक बुटकं झुडूप आहे, काटे जवळजवळ नाहीत, आमच्याकडे तरी फूल कधी आलेलं नाही, बुंध्याशी नवी पिल्लं फुटतात ती काढून लावायची. कुणी अन्नपूर्णा म्हणतं, कुणी आंबेमोहोराचं पान. झाडाशेजारी उभं राहिलं तर काही नाही. पान चुरगाळलं तर थोडासा. पण गाठ मारून उकळत्या भातात टाकलं, की बासमतीला आणि आंबेमोहोराला ज्या द्रव्याने वास येतो तेच त्यातून सुटतं. पूर्वी मी पाहुण्यांना सांगत नसे, नुसती हसायचे. आता सांगते. तृप्त होऊन तिसऱ्यांदा भात घेणाऱ्या माणसाला फसवल्यासारखं वाटतं. ह्या झाडाला दोन बादल्या, आणि त्या तांदूळ धुतलेल्या पाण्याच्या. त्याला काही शास्त्र नाही. नातं आहे म्हणून.

कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून आणलेली दोन रोपं आहेत, त्यांना एक-एक. एक जायफळ, जातीचं नाव 'कोकण सुगंधा'. अजून गुडघ्याएवढं आहे, सुगंध यायला काही वर्षं आहेत, तोवर नावावरच समाधान. दुसरं सर्वसुगंधी, म्हणजे ऑलस्पाइस. त्याचं पान चुरगाळून मी पाहुण्यांच्या हातावर ठेवते आणि विचारते, काय आहे? कुणी लवंग म्हणतं, कुणी दालचिनी, कुणी जायफळ. एक आजोबा म्हणाले, "माझ्या आईचा मसाल्याचा डबा." बरोबर उत्तर तेच असावं. वाळ्याला शून्य बादल्या. मुळं इतकी खोल जातात, की तो बहुधा विहिरीच्याही खालचं पितो.

राहिल्या चार. त्या कवठी चाफ्याच्या.

तो सासूबाईंनी केळशीहून आणला होता, त्यांच्या माहेरच्या परसातला. आता छातीएवढं झुडूप आहे, आंब्याच्या सावलीत. चार बादल्या एका झाडाला, ह्यावर आमच्या घरात दर मेमध्ये एकदा तरी चर्चा होते. त्याचं फूल एका रात्रीचं. देठ खाली वाकलेला, त्याला लोंबणारी मलईच्या रंगाची कळी, अगदी अंड्यासारखी. कोकणात काही ठिकाणी अंड्याला कवठ म्हणतात, नाव त्यावरून असावं. वासाला कवठाच्या फळाचा संबंध जोडणारेही आहेत, मला तो कधी लागला नाही. मला लिंबाची साल लागते, थोडा अननस, आणि मागून काहीतरी थंड, माठाच्या तोंडाशी नाक नेल्यावर येतं तसं. दिवेलागणीला बाहेरच्या तीन हिरव्या पाकळ्या सुटतात, तासाभरात आतलं अंडं सैल होतं, मध्यरात्रीपर्यंत सगळं खळं भरतं. सकाळी झाडाखाली जाड पाकळ्यांचा सडा, कडा तपकिरी.

सासूबाई फूल उमलायच्या आधी कळी खुडून पाण्याच्या वाटीत देवापुढे ठेवत. रात्री घर निजलं की देवघरातून टप्प असा आवाज यायचा, मग जरा वेळाने पुन्हा टप्प. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या वर्षी मी घाबरून उठले होते. त्या अंथरुणातूनच म्हणाल्या, "नीज. चाफा गळतोय." मी कळी खुडत नाही. वासासाठी मी बाहेर जाते.

रविवारी रात्री दिवे गेले. पाहुणे खळ्यात खुर्च्या टाकून बसले होते, ताईंची सुरणावरची नाराजी अजून गेली नव्हती. मी मुलाला म्हटलं, चल, एक दाखवते. मोबाइलच्या उजेडात कवठी चाफ्याची एकच कळी, निम्मी उघडलेली. तो वाकला, वास घेतला. काही बोलला नाही. पुन्हा घेतला. मग विचारलं, "हे पण कोमट आहे का?"

आणि मी उत्तर द्यायच्या आत बोट टेकवलंसुद्धा.

"नाही. गार आहे."

मग तो आईला बोलवायला धावला. त्या आल्या, खाली वाकल्या, आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. ओढणी खांद्यावरच होती.

सकाळी पाकळ्या पडल्या होत्या. त्यातल्या एकीवर बोटाचा ठसा उमटला होता, स्पष्ट, तपकिरी. कवठी चाफ्याला हात लावला की तिथे डाग पडतो, हे मी त्याला सांगायला विसरले होते. ती पाकळी मी त्याला दिली. वहीत ठेवली त्याने. महिन्याभरात काळी पडेल, पण ते मी सांगितलं नाही.

सोमवारी गेले. मंगळवारी त्यांचा अभिप्राय आला, पाचांत तीन तारे. "जेवण अप्रतिम. काकूंचा स्वभाव छान. खोलीमागे असह्य दुर्गंधी." ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाले, ह्या सुरणाला नऊ बादल्या एकदम घालू का?

आज बुधवार. फूल आडवं झालंय, झालर लोळागोळा, गोळा मऊ पडून कलंडलाय. वास पूर्ण गेला. माश्यांनीही पाठ फिरवली. खालून यथावकाश पान येईल, आणि यंदा दिवाळीनंतर मी तो कंद नक्की काढणार आहे. निदान आज तरी तसं वाटतंय.

पश्चिमेला काळं धरलंय. आमसुलं अजून अंगणात वाळताहेत, दोन उन्हं कमी पडली आहेत. २०२५ साली पावसाने २६ मेलाच मुंबई गाठली आणि आमची निम्मी आमसुलं बुरसली, तेव्हा आता ती आधी आत घेते. बादल्या भरून ठेवल्या आहेत, आज अठराच्या अठरा. अनंताच्या तीन कळ्या अजून शिल्लक आहेत. त्यांना पाणी मी स्वतः घालणार आहे.